मंगळवार-शुक्रवारची मैत्रीण

इंदिरानगर, नाशिक
१२ जून २०२४

प्रिय शुभांगी,

शाळेच्या फाटकापाशी रंगूबाई पेरू घेऊन बसायची, आठवते? एका पेरूच्या चार फोडी, वर तिखटमीठ. कागद मागितला की म्हणायची, "देवानं हात कशाला दिलेत?" दोन फोडी तुझ्या, दोन माझ्या. तेवढ्यात घंटा व्हायची आणि आपण पेरू तोंडात तसाच धरून प्रार्थनेच्या रांगेत. सिस्टर बर्नाडेट जवळून गेल्या की तू गाल आत ओढून घ्यायचीस, इतक्या निरागसपणे की मलाच हसू फुटायचं आणि ओरडा मी खायचे.

हल्ली प्रफुल्लला भरवताना घास त्याच्या गालात तसाच राहतो. गिळायचं विसरतो तो. मग मी गालावरून हळूच बोट फिरवते, आणि मला तुझे ते गाल दिसतात.

सातपूरच्या कारखान्यात आयुष्य काढलेला हा माणूस. बोटांच्या स्पर्शावरून यंत्रावरचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मापात बरोबर आहे की नाही ते सांगायचा. आता कंपवाताने त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. दिवसभरासाठी सावळीराम येतो. उठवणं, अंघोळ, चार पावलं चालवणं सगळं तोच करतो. डॉक्टर म्हणाले, "हा मदतनीस आहे तोवर घरी ठेवा. नसेल तर यांना शुश्रूषा केंद्रात ठेवावं लागेल." मला एकटीला तो उचलत नाही गं. कारखान्याची पेन्शन म्हणजे नुसतं नाव, आणि माझ्या बालवाडीने तर निरोपाला घड्याळ दिलं, पेन्शन नाही. आता या वयात मला काहीतरी कमवायला हवं, सावळीरामपुरतं तरी.

काय काय करून पाहिलं ते ऐक. इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढला. एक आई दोन दिवस मागे बसून ऐकत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचं इंग्लिश छान आहे, पण जुनं आहे हो. मुलाला इंटरव्ह्यूचं पाहिजे." लोणची केली, तर शेजारणींनी चव बघण्यातच बरणी संपवली. मग सुरगाण्याची एक मुलगी, नर्सिंग शिकणारी, आतल्या खोलीत ठेवली. ती इतकी बारीक होती की मी तिला रोज तूप वाढत राहिले, आणि महिनाअखेरीला भाडं मागायला तोंडच उघडेना. परीक्षा झाल्यावर पाया पडून गेली.

तुला फोनवर ऐकू येत नाही, तू नुसतं "हो, हो" म्हणतेस, म्हणून हे सगळं कागदावर. काही सुचलं तर कळव.

तुझी,
दीपमाला


धरमपेठ, नागपूर
३० जून २०२४

प्रिय दीपा,

तुझं पत्र हातात घेऊन आधी नुसतं अक्षर पाहत बसले. अजून तसंच, ओळीवर बसलेलं.

भाडं मागायला तोंड उघडत नाही म्हणे! अगं, आपल्याला "थँक्यू" आणि "सॉरी" शिकवलं, "माझे पैसे द्या" हे शिकवायचं राहून गेलं. तू बायकांना फ्रॉकवरचं भरतकाम शिकव. किंवा परदेशातल्या मुलांना मराठी शिकव, संगणकावर. राजच्या ओळखीतले लोक विचारतात म्हणे. त्याला विचारते.

आता माझी बातमी. तुला सांगितलं नव्हतं, पण हे वर्ष फार वाईट गेलं. हे गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, आणि कोणी बोललं तरी मला ऐकू येत नाही. स्वयंपाक सोडला होता. दूध-पोळी, कधी तीही नाही. कपडे सैल होत गेले. राज जर्मनीहून दर रविवारी पडद्यावर दिसतो, ओठ हलवतो, मी हसते. वृद्धाश्रमाची माहितीपत्रकं पाठवली होती त्याने. मी म्हटलं, त्यापेक्षा देव लवकर नेईल तर बरं.

आणि मग महिन्यापूर्वी दाराशी एक बाई. हातात स्टीलची वाटी, वर झाकण. विरजण मागायला आलेली! माझ्याकडे कुठलं विरजण? मीच महिनोन्‌महिने दही लावलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की म्हटलं, उद्या या, नक्की देते. लगेच खाली जाऊन दूध आणलं, कोपऱ्यावरून दही आणलं आणि लावलं. दुसऱ्या दिवशी आल्या, बसल्या, आणि बसल्याच.

कलाताई त्यांचं नाव. पोस्टातून निवृत्त झाल्यात. माझ्यासमोर बसून, तोंड माझ्याकडे करून सावकाश बोलतात, म्हणून त्यांचं सगळं कळतं मला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. मी त्या दिवशी काहीतरी करते. कधी झुणका, कधी सांडग्यांची भाजी. त्यांना फोटो काढायचा भारी नाद. "चला शुभाताई, हसा!" आणि मी हसतेसुद्धा.

या वयात मैत्रीण मिळते, दीपा, आणि तीही काही न मागता. म्हणजे, विरजण सोडून!

तुझी,
शुभा


इंदिरानगर, नाशिक
२ ऑगस्ट २०२४

राज बाळा,

तुझ्या मेलचा पत्ता आईनेच दिला होता. टाइप करायला वेळ लागतो, तेव्हा चुका पोटात घाल.

मला एका कंपनीत काम मिळालंय. ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा एकट्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून दोनदा जाऊन बसायचं, गप्पा मारायच्या, मुलांना इंग्रजीत दोन ओळी आणि एक फोटो पाठवायचा. निवृत्त माणसंच घेतात ते. माझं इंग्रजी इथे जुनं ठरलं नाही. प्रफुल्लकाकांचा सावळीराम त्यामुळे टिकेल. मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला.

मग दोन दिवसांचं शिक्षण झालं. शिकवणारी मुलगी तिशीची, फार गोड. ती म्हणाली, "आजी-आजोबांना सांगायचं नाही की तुम्हाला पगार आहे. त्यांना अपमान वाटतो. पहिल्या दिवशी काही द्यायला जाऊ नका, मागायला जा. देणाऱ्याचं दार बंद होतं, मागणाऱ्याला माणूस आत घेतं. विरजण सगळ्यांत चांगलं. दही कसं लागलं ते सांगायला परत जाता येतं."

सगळ्या जणी लिहून घेत होत्या. माझं पेन थांबलं.

राज, तुझ्या आईकडे एक कलाताई येतात. मंगळवार, शुक्रवार. वाटी घेऊन आल्या होत्या. त्या तू पाठवल्यास का? हो असेल तर मी रागावणार नाही. फक्त खरं सांग, कारण मला तुझ्या आईला पत्र लिहायचंय आणि काय लिहावं ते कळत नाही.

मावशी


९ ऑगस्ट २०२४

दीपामावशी,

हो. मीच.

आईचं वजन किती उतरलं होतं ते तू पाहिलं नाहीस. डॉक्टर म्हणाले औषध काही नाही, माणूस पाहिजे. मी इथून माणूस कुठून आणू? म्हणून हे केलं. कलाताई दर वेळी लिहितात, आज जेवल्या, आज हसल्या. फोटोत तिच्या गालांवर परत मांस दिसायला लागलंय. मी ते फोटो ऑफिसमध्ये उघडून बसतो.

प्लीज तिला सांगू नकोस. तुला पाया पडून विनंती.

राज


इंदिरानगर, नाशिक
२० ऑगस्ट २०२४

प्रिय शुभांगी,

तुला सांगायचं तर मला नोकरी लागली! सोबतीची. मखमलाबादला धोंडाबाई म्हणून एक आजी आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसायचं. घरचा भाजीचा आणि फुलांचा मळा होता, आता तिथे बंगले झालेत, त्यातलाच एक त्यांचा. मुलगा साई अमेरिकेत. त्यानेच मला ठरवलंय, पण आईला कळू द्यायचं नाही, शेजारीण म्हणून जायचं, अशी अट.

मी पहिल्या दिवशी गेले आणि म्हटलं, "थोडा कढीपत्ता मिळेल का?"

आजी ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. वरपासून खालपर्यंत बघितलं. "कुठून आलीस?"

माझ्या तोंडातून खरं निघालं, "इंदिरानगर."

"कढीपत्त्याला? इंदिरानगरात झाडं मेली काय समदी? रिक्षाला किती घातले?"

मी उभीच. त्या म्हणाल्या, "बस. साईनं धाडलं ना? मागं बी एक धाडली व्हती, ती साखर मागत व्हती. मला शुगर हाय, घरात साखर नाय. तिला साधं तेवढं बी म्हाईत नव्हतं." मग शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. "पगार भेटतो ना तुला?"

"भेटतो."

"मंग हात चालव की. फुकट कोन येतंय गं कोनाकडं? माझी सून बी फुकट येत नव्हती."

तेव्हापासून आमचं छान चाललंय. मी भाकरी थापायला गेले की नकाशा होतो, आणि त्या हसून हसून खोकतात. परवा फोटो काढताना म्हणाल्या, "साईला लिव, हिचा पगार वाढव म्हनाव. हिला शिकवायला लागतंय." मला त्यांची ओढ लागलीय, शुभा. पगार मिळतो म्हणून जाते हे खरं, आणि सोमवार कधी येतो असं होतं हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं का? तुला काय वाटतं? मनापासून लिही.

प्रफुल्ल बरा आहे. सावळीराम त्याला गॅलरीपर्यंत नेतो.

दीपमाला


धरमपेठ, नागपूर
१६ सप्टेंबर २०२४

प्रिय दीपा,

नोकरीबद्दल अभिनंदन. तुझ्या धोंडाबाईंचं वाचून खूप हसले. कलाताईंनाही वाचून दाखवणार होते, पण म्हटलं नको, तुझी खासगी गोष्ट.

तू विचारलंस म्हणून मनापासून लिहिते. तुझ्याबद्दल नाही हं, तू कुणाचंही भलंच करशील. पण त्या आजींच्या जागी मी असते तर दार लावून घेतलं असतं. मुलाने पैसे मोजून माणूस पाठवायचं, आणि आपण त्याच्यासमोर बसून गतकाळ उलगडायचा? मला नाही जमायचं. त्यापेक्षा भिंतीशी बोलेन. भिंत निदान घड्याळ तरी बघत नाही.

म्हणूनच मला कलाताईंचं इतकं वाटतं. बुधवारी महालक्ष्म्यांच्या जेवणाला बोलावलं होतं, पण त्यांना बुधवारी जमलं नाही. त्यांना बाकीच्या दिवशी पुष्कळ कामं असतात बिचारीला. शुक्रवारी आल्या तेव्हा मी सगळं पुन्हा केलं, पुरणसुद्धा. दोघीच जेवलो. जेवताना म्हणाल्या, "शुभाताई, माझ्या सख्ख्या बहिणीने मला कधी असं वाढलं नाही." आणि डोळे पुसले. तिखटाने नव्हे, पुरणात तिखट कुठलं!

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पैशासाठी येणारं माणूस वेगळं आणि जीव लावणारं वेगळं. कळतं ते. आत कळतं.

शुभा


इंदिरानगर, नाशिक
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय शुभा,

तू लिहिलंस ते पटलं. नाही, पटलं नाही, पण समजलं.

एक सांगू? रागावू नकोस. कलाताईंशिवायही थोडं बाहेर पडत जा. तुमच्या कॉलनीत वाचनालय आहे ना? खालच्या मजल्यावरच्या बाईंना चहाला बोलव. या वयात माणसं कधी मुलाकडे जातात, कधी आजारी पडतात. कलाताईंना काही अडचण आली आणि येणं थांबलं, तर तू पुन्हा दूध-पोळीवर येशील, याची मला धास्ती वाटते. एवढंच.

दीपा


धरमपेठ, नागपूर
१० ऑक्टोबर २०२४

दीपमाला,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं, कारण विश्वास बसेना.

शाळेत मी नवीन आलेल्या मुलीशेजारी डबा खायला बसले होते, तेव्हा तू आठवडाभर अबोला धरला होतास. मला वाटलं, साठी उलटली, आता ते गेलं असेल. माझ्याजवळ बसणारं एक माणूस मला मिळालं, आणि तू नाशिकहून मला सांगतेस की ते जाईल.

प्रफुल्लरावांना नमस्कार.

शुभांगी


४ नोव्हेंबर २०२४

दीपामावशी,

हे तुलाच सांगू शकतो. माझी नोकरी गेली. आमचा अख्खा विभाग बंद केला. व्हिसाचं काय होईल ते माहीत नाही. इथलं घरभाडं, मुलाची शाळा... कलाताईंचं या महिन्यापासून बंद करावं लागलं. मी कंपनीला विचारलं, थोडे दिवस चालू ठेवाल का. ते म्हणाले, तसं करता येत नाही, त्यांना दुसरं घर देतोय.

आईला कलाताई काय सांगतील ते मला माहीत नाही. कंपनी म्हणते, "हळूहळू कमी करायला सांगतो." नोकरीचंही आईला सांगितलेलं नाही. तू काही करू शकशील का?

राज


इंदिरानगर, नाशिक
२१ नोव्हेंबर २०२४

राज बाळा,

रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. पहिला विचार आला की कलाताईंचे मीच द्यावेत. धोंडाबाईंकडे जाऊन मिळतं ते तुझ्या आईच्या सोबतीसाठी जाईल. कागद-पेन्सिल घेऊन बसले. समोर सावळीराम प्रफुल्लकाकांना खुर्चीतून उठवत होता. एक हात काखेत, एक पाठीशी, आणि काका त्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभे. मी पेन्सिल ठेवून दिली. दोघांपैकी एकाचंच होतं माझ्याकडून, आणि ते कोणाचं हे मला निवडावं लागलं.

नागपूरला मी जाऊ शकत नाही. काकांना दोन रात्री कोणावर सोडू? आईला फोन केला तर ती "हो, हो" म्हणते. पत्र लिहिलं तर तिला वाटतं मी जळते. कलाताईंना आमच्या त्याच कंपनीमार्फत निरोप ठेवला, की सणावाराला तरी डोकवा. त्यांचं उत्तर आलं. लिहिलंय, "ताई, मी दोन रविवार माझी माझी गेले होते. पण नवीन घर लांब आहे, आणि माझ्याही घरी आजारी माणूस आहे. या कामावरच चालतं आमचं. त्या मला पुढचा रविवार विचारतात आणि मला खोटं बोलवत नाही."

त्यांना तरी काय म्हणू मी? त्या म्हणजे मीच की.

तू जेवत जा वेळेवर.

मावशी


धरमपेठ, नागपूर
१९ जानेवारी २०२५

प्रिय दीपा,

रागाने लिहिलेलं पत्र फाडून टाक. तू तिळगूळ पाठवलास, मी तेवढंही केलं नाही.

कलाताई येत नाहीत. नोव्हेंबरात दोनदा रविवारी आल्या, उभ्या-उभ्याच. मग नाही. मी आधी म्हटलं, आजारी असतील. मग म्हटलं, माझं काही चुकलं. शेवटच्या शुक्रवारी मी त्यांच्या भाजीत मीठ जास्त घातलं होतं. राजला विचारलं, तर तो पडद्यावर खाली बघायला लागला. मंगळवारी मी चार वाजता दार उघडं ठेवून बसते. ऐकू येत नाही ना, बेल वाजली आणि कळलीच नाही असं व्हायला नको.

परवाच्या मंगळवारीही तशीच बसले होते. मग उठून गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात, त्यांची पत्नी दिवाळीत गेली. मुलगी सिंगापूरला. त्यांचं दार गॅलरीतून दिसतं. दारात कलाताई उभ्या होत्या. हिरवी साडी, माझ्याकडे नेसून यायच्या तीच. हातात ती स्टीलची वाटी. झाकण लावलेली.

ते गृहस्थ मान हलवत होते, नाही म्हणून. कलाताई हसत होत्या. मग ते आत गेले आणि चष्मा लावून परत आले, आणि दार पूर्ण उघडलं.

मी आत आले. दूध तापत ठेवलं होतं, ते उतू गेलं होतं.

तुझ्या धोंडाबाई कशा आहेत? कढीपत्ता देतात का अजून?

शुभा


इंदिरानगर, नाशिक
३० जानेवारी २०२५

शुभा,

चार कागद फाडले. हा पाचवा.

धोंडाबाई बऱ्या आहेत. प्रफुल्लला आता गॅलरीपर्यंत जाता येत नाही. सावळीराम खुर्ची दाराशी नेतो, तिथून झाडाचा शेंडा दिसतो.

मला तुझ्याजवळ येऊन बसायचंय. तुझ्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्यांदा. येता येत नाही. मी काय लिहू ते तूच सांग.

दीपा


धरमपेठ, नागपूर
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपा,

काही लिहू नकोस. तू सांगितलं नाहीस ते बरं केलंस की वाईट, हे मी पुष्कळ दिवस ठरवत होते. नाही ठरलं. सोडून दिलं.

न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. परवा शस्त्रक्रिया. हृदयाचं डॉक्टरांना काही बरोबर वाटत नाही. ते राजशी बोलले, त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं. राज आलाय. वाळलाय फार. त्याची नोकरी गेलीय, हे त्याने सांगितलं नाही. त्याच्या झिजलेल्या बुटांवरून कळलं. शेजारच्या खाटेवरची बाई झोपलीय आणि त्याला मी औषधं आणायला पाठवलंय, तेवढ्यात हे लिहून घेते. मला काही झालं तर हे तू बघ. राजला एकट्याला सुचणार नाही.

शिवणयंत्र कामवाल्या कुसाबाईला. तिच्या लेकीला शिकायचंय. तेलाची बाटली आणि जादा सुया खालच्या खणात आहेत, त्याही दे, नाहीतर विकत आणायला लागतील तिला.

महालक्ष्म्यांचे मुखवटे माझ्या धाकट्या जावेला. ती करते सगळं रीतीने. मला नावं ठेवत करेल, पण करेल.

यांचं घड्याळ आणि घर राजचं. घर विकायचं असेल तर विकू दे त्याला, जपून ठेवायचा आग्रह कोणी करू नये. त्याला आत्ता गरज आहे.

चार चांगल्या सुती साड्या तुझ्या. राजने माझ्यासाठी चाकाची खुर्ची बुक केलीय, नवी. मला ती लागली नाही तर प्रफुल्लरावांसाठी नाशिकला पाठवायची. ट्रान्सपोर्टवाल्याला सांग, सुटी करून नीट बांध म्हणावं.

आणि माझ्या मोत्याच्या कुड्या. त्या कलाताईंना.

मी लिहिलं होतं ना तुला, की मी दार लावून घेईन म्हणून. लावून घेतलं असतं तर त्या उन्हाळ्यातच गेले असते गं. पुरण करायला मला कोणी पैसे दिले नव्हते, आणि डोळे पुसायला त्यांना कोणी दिले नसावेत.

कलाताईंचं माझ्या लक्षात आलंय हे राजला कधीही कळू देऊ नकोस. इतक्या लांबून आईला देण्यासारखं त्याच्याजवळ तेवढंच होतं, आणि ते त्याने दिलं.

म्हणून कुड्या त्याच्या हातून देऊ नकोस. त्याने दिल्या तर त्यांना तो पगार वाटेल. तू दे.

शुभा